कोरी गोधडी

जव्हारमध्ये माझ्या हातचा ब्लाउज कधी घातला नाही अशी बाई शोधावी लागेल, आणि सापडलीच तर ती परवा-तेरवा बदली होऊन आलेली असणार. हे मी फुशारकी मारायला सांगत नाही. म्हणजे थोडी फुशारकी आहेच, पण सांगायचं कारण वेगळं आहे. साऱ्या गावाला शिवून देणाऱ्या मला माझ्या स्वतःच्या नातवंडासाठी साधं झबलं शिवायची बंदी होती. आणि बंदी घालणारी माझीच लेक होती.

रुचिरा दिवाळीनंतर बाळंतपणाला ठाण्याहून आमच्याकडे आली. सातवा सरत आला होता. तिला सोडायला आलेल्या चैतन्यनं, म्हणजे आमच्या जावयानं, बॅग ठेवली, चहा घेतला आणि मला ओट्याशी गाठून हळूच सांगितलं, "आई, घरात नवीन काही आणू नका हं. तिला सहन होत नाही."

मला ते त्यानं सांगायची गरज नव्हती, रुचिरानं फोनवरच तशी ताकीद दिली होती. मागच्या खेपेला त्यांच्या ठाण्याच्या घरात पाळणा आला होता, एका खोलीला पिवळा रंग दिला होता, टोपडी-मोज्यांनी अख्खं कपाट भरलं होतं. आणि आठव्यात पोर पोटातच गेलं. ते कपाट मी माझ्या हातानं रिकामं केलं. नव्या कपड्यांचा तो कोरा वास त्या खोलीतून किती दिवस जाईना. त्यातलं काय कुठे दिलं ते रुचिरानं कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

त्यामुळे या खेपेला डोहाळजेवण नाही, ओटी नाही, नावांची चर्चा तर नाहीच. रुचिरा बोलायची ती तपासणीबद्दल, गोळ्यांबद्दल, सोनोग्राफीच्या तारखेबद्दल. ऐकणाऱ्याला वाटावं, हिच्या पित्ताशयात खडा झालाय. पोटावर हात ठेवून बसलेली मी तिला एकदाही पाहिली नाही. बायका नकळत ठेवतात तसासुद्धा नाही. मला आतून तुटायचं, पण बोलायची सोय नव्हती.

आमचे हे, बळवंतराव, एसटी डेपोतून निवृत्त झालेले. डेपोत चौकशीच्या खिडकीत बसून जन्म गेला, त्यामुळे कशाचीही घाई म्हणून नाही. "येईल तेव्हा येईल गाडी," म्हणाले. "तू मध्ये मध्ये करू नकोस." मी म्हटलं, मध्ये मध्ये कोण करतंय? माझे नुसते हात शिवशिवतायत. आता शिंपिणीचे हात शिवशिवले तर ती करणार काय?

झालं असं, की दुकानात कटिंगच्या टेबलाखाली कात्रणांची दोन पोती पडलेली असतात. ब्लाउज बेतला की कडेनं लांबट पट्ट्या उरतात. बोटभर, दोन बोटं, कधी नुसती करंगळीएवढी. गिऱ्हाइकाला परत दिली तर नको म्हणतात, टाकून द्यायला माझा जीव होत नाही. एका दुपारी मी पोत्यात हात घातला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रुचिराला नवं नको ना? मग हे कुठे नवं आहे? हे तर उरलेलं! केरात जायचं ते! यावर कोण हरकत घेणार? माझी हुशारी बघून माझी मलाच नवल वाटलं. त्याच वेळी कुणीतरी माझ्या डोक्यात टपली मारायला हवी होती.

लागले कामाला. अस्तराच्या कापडाचे वीतभर चौकोन कापले. चौकोनावर एक पट्टी मधोमध तिरपी ठेवायची, तिच्यावर दुसरी पालथी, कडेनं शिलाई मारायची, उलटवायची, नखानं दाबायची. मग तिसरी, मग चौथी. चौकोन भरला की बाहेर लोंबणारी टोकं कात्रीनं सरळ करायची. पट्टी रुंद असो, अरुंद असो, वाकडी असो, सगळी खपते, हीच त्यात गंमत. जरीची मात्र एकही घेतली नाही, टोचते. रुबिया, खादी, खण, मऊ सुती तेवढं निवडलं. पट्टी हातात आली की मला बाई आठवायची. ही मोरपंखी जोशीबाईंची, त्यांना गळा नेहमी एक बोट खोल लागतो आणि माप देताना मात्र सांगायची लाज वाटते. हा लाल ठिपक्यांचा आश्रमशाळेतल्या मॅडमचा. ही आंब्याच्या रंगाची आमच्या गल्लीतल्या स्वराची, तिच्या पहिल्या साडीवरची. अर्धं जव्हार माझ्या सुईखालून गेलं म्हणा ना.

हिरी समोर बसून बघत होती. हिरी माझ्या दुकानात हूक-काज आणि हातशिलाई करते. मूळची सूर्यमाळची, लग्न होऊन इकडच्या पाड्यावर आली. आमचं दोघींचं दिवसातून एकदा भांडण झालं नाही तर दोघींनाही अन्न गोड लागत नाही. ती म्हणाली, "बाय, गोधडी कोनाला?"

"पाहुण्याला," मी म्हटलं. खरं सांगितलं तर ही घरी येऊन रुचिरासमोर बोलून बसेल, अशी मला भीती.

चौकोन जोडून झाले, मागे अस्तर लावलं, मध्ये अस्तराचाच आणखी एक थर घातला, आणि हिरीनं त्याच्यावर धावदोरा घातला. तिचा दोरा कडेकडेनं जातो आणि फिरत फिरत मध्ये येतो. मी मशीनवाली, मला तो धीर नाही. गोधडी झाली आणि मी तिच्याकडे बघतच राहिले. इतकी देखणी वस्तू मी आयुष्यात शिवली नव्हती. चार कोपरे मात्र मी स्वतः बांधले, अगदी घट्ट, पोरं कोपराच धरून ओढतात म्हणून.

घरी नेली. रुचिरा पलंगावर पाय लांब करून बसली होती. मी तिच्या पायांवर ती पसरली.

"अय्या, ही मोरपंखी जोशीकाकूंची का गं?" ती म्हणाली. "आणि हा खण? हा तर आत्याच्या ब्लाउजचा!" तिची बोटं पट्ट्यांवरून फिरायला लागली. किती दिवसांनी तिच्या डोळ्यांत मी तशी चमक बघत होते. मी मनात म्हटलं, विद्युल्लताबाई, जिंकलीस. तेवढ्यात तिनं गोधडी उचलून तोंडाशी नेली, लहानपणी माझा पदर न्यायची तशी. आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, हे सगळं नवं आहे."

"नवं कुठलं? कात्रणं आहेत ती. टाकायची."

"यातलं एक कापड तरी कुणी घातलंय का? एकदा तरी धुतलंय का?" तिचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "अजून खळ आहे याला. वास बघ ना. त्या कपाटाला यायचा तोच वास आहे." तिनं गोधडीची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "नको ना आई. मी सांगितलं होतं ना." मग ती उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

मी तिथेच उभी राहिले, हातात घडी. बारशापर्यंत मुलाला कोरं घालू नये, जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळावं, हे कुणी शिकवलं जव्हारला? मी! पोटुशी बाई मापाला आली की तिनं विचारलेलं नसताना मी हे पुराण लावते. आणि मलाच हे कळू नये? दुकानात बसून बसून माझी नजरच तशी झाली होती. गिऱ्हाइकाच्या पिशवीतून घडीनं येतं ते नवं, आणि टेबलाखाली पडतं तो केर. केर नवा असतो, हे शिंपिणीशिवाय कुणीही सांगितलं असतं.

माझं चुकलं की मला दुसऱ्यांचा राग येतो. त्या रात्री मी ह्यांच्यावर चिडले, भाजी खारट झाली म्हणून. भाजी मीच केली होती.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्याबरोबर मी कात्री घेतली आणि गोधडी उसवायला बसले. हिरीनं येऊन माझ्या हातातून ती अक्षरशः हिसकावली.

"येड लागला का तुला? माझा दोरा हाय ह्याच्यात!"

मग तिला सगळं सांगावंच लागलं. ऐकता ऐकता ती कपाळावर हात मारायला लागली. "तू मला पावना बोललीस! मी समजली, जावयाला अंथरायला करतेस. पोराला हाय, असा बोलली असतीस तर पयल्या दिसालाच सांगितला असता, बाय, ह्या सगळा कोरा हाय."

"आता काय उपयोग?"

"उसवून काय व्हनार? जुना कर."

"जुनं कसं करू? दहादा धुऊन काढू?"

"धुऊन साफ व्हल, जुना नाय व्हनार." हिरी असं बोलली, जसं काही मी मीठ कुठे मिळतं ते विचारलं होतं. "मानसा निजवायची त्याच्यावर. अंगाखाली जायला लागतं."

म्हणून मग आमच्या घरात गोधडी जुनी करायचा कार्यक्रम सुरू झाला. पहिला मान बळवंतरावांना. दुपारी जेवल्यावर मी त्यांना त्या गोधडीवर झोपायची आज्ञा केली. ते हात पोटावर ठेवून असे ताठ पडले, की माझ्या अंगावर काटा आला. "अहो, नीट लोळा की! कूस बदला!" तर म्हणतात, "चुरगळेल ना गं." मी म्हटलं, चुरगळायलाच दिलीय. त्यांनी मग इतकं मनावर घेतलं, की सकाळी पेपरसुद्धा तिच्यावर बसूनच वाचायला लागले, आणि एकदा चहा सांडला. मी रागवायला गेले आणि आठवलं, तेवढीच ती जुनी झाली. शेजारच्या रामीमावशी तिच्यावर बसून वाल सोलत बसल्या. गोधडी जराशी नरमली, पण खळीचा तो कडकपणा काही हटेना. जानेवारी जवळ येत होता. मला रोज वाटायचं, ही जुनी व्हायच्या आत बाळ येईल, आणि रुचिरा त्याला दुसऱ्या कशात तरी गुंडाळेल. किंवा, देव न करो, गुंडाळायला... पुढचं मी मनातसुद्धा बोलत नव्हते.

रुचिरा हे सगळं बघत होती. गोधडी ओलांडून जायची, पाय लागू न देता.

मग हिरी म्हणाली, "मी भावाकडं चालली सूर्यमाळला. भाताचा खळा झालाय, जेवन हाय. दे माझ्याकडं." मी आधी नाही म्हटलं. मग दिली. दिल्यावर जीव थाऱ्यावर नाही. सूर्यमाळची थंडी म्हणजे आमच्या जव्हारच्या थंडीची मोठी बहीण. तिथे माणसं खळ्यावर शेकोटीभोवती झोपतात. माझ्या मोरपंखीचं काय होणार तिथं?

हिरी आठवड्यानं आली, गोधडी खांद्यावर टाकूनच आली. मी पिशवीत घालून दिली होती. गोधडीला धुराचा, भाताच्या पेंढ्याचा आणि माणसांचा वास येत होता. उलगडली तर मधोमध, नेमकं जोशीबाईंच्या मोरपंखीवर, एक लालभडक ठिगळ! जाड पांढऱ्या दोऱ्यानं मारलेले हे एवढाले टाके.

"हे काय?"

"शेकोटीतला इंगळ पडला."

"कुणी पाडला?"

"इंगळाला काय कोन पाडत नाय, पडतं. भोक झाला. वयनीनं लावलान तुकडा."

मग मात्र माझा तोल गेला. इतकी मेहनत, इतके रंग जुळवलेले, आणि मध्ये हे असं गावठी ठिगळ, टाके तरी बघा! मी दारातच तोंड सोडलं. हिरी शांतपणे उंबऱ्यावर बसली. तिच्यावर ओरडून काही उपयोग होत नाही, ती पाऊस थांबायची वाट बघावी तशी बसून राहते.

"आथा झाला ना जुना?" मी दम घ्यायला थांबले तेव्हा ती म्हणाली. "वयनीच्या आयेचा लुगडा हाय तो. म्हातारी गेली, त्याच लुगड्याचा तुकडा लावला. सगळ्या गोधडीत तेवढाच एक नेसलेला हाय."

मी ठिगळावर हात ठेवला. बाकीच्या पट्ट्यांच्या मध्ये ते लोण्यासारखं मऊ लागत होतं. कापडाशी जन्म काढलेली बाई मी, मला ते हाताला लगेच कळलं.

मागे रुचिरा येऊन उभी होती, ते मला कळलं नव्हतं. ती हिरीला म्हणाली, "हिरीमावशी, कोण कोण झोपलं यावर?"

"ढवळू निजला, माझा भाव. वयनी निजली. त्यांची सुनिता पोरांना घेऊन निजली. एक दिस शेळीचा पिल्लू निजला, त्याला थंडी बाधली व्हती."

"शेळीचं पिल्लू?"

"त्यानं काय केला नाय," हिरी घाईनं म्हणाली. "जास्त काय केला नाय."

रुचिरा हसली. दाराला टेकून, तोंडावर हात धरून, पोट हलेपर्यंत हसली. मला रडू येईल की काय असं झालं, म्हणून मी हिरीला उगाच म्हटलं, "धुऊन आणायची होतीस मग!" पण रुचिरानं गोधडी हातात घेतली नाही. हसली, डोळे पुसले आणि आत गेली. मी स्वतः ती एकदा धुतली, उन्हात वाळवली, आणि मग पुन्हा कुणाला काही म्हटलं नाही. जबरदस्ती कशाची करायची? गोधडी काय, आज नाही तर उद्या कुणीही पांघरेल. असं मी तोंडानं म्हणत होते.

संक्रांत झाली. तारीख जवळ आली तशी रुचिरा आणखी गप्प झाली. रोज संध्याकाळी चैतन्यचा फोन यायचा आणि दोघं हवापाण्याचं बोलायचे. मी चोरून ऐकायचे, ठाण्यात किती उकडतंय, जव्हारला किती गार आहे. बस.

त्या दुपारी मी दुकान बंद करून जेवायला आले होते. जेवण झालं आणि मागच्या पडवीत ऊन आलं होतं, तिथे मी गोधडी टाकून आडवी झाले. तिला जुनी करायला नव्हे, खरंच. कंबर भरून आली होती. डोळा लागतोय न लागतोय तोच वरून आवाज आला.

"आई, सरक ना जरा. आम्हाला जागा दे."

मी धडपडत उठले, पदर ओढला, केस सारखे केले. "अगं, जावई आले? मग फोन नाही का करायचा! जेवलेत का ते? भाकरी टाकते..." म्हणत मी तिच्या मागे बघितलं. मागे कुणीच नव्हतं. दाराशी नुसती चप्पल पडलेली.

"चैतन्य कुठला आलाय," रुचिरा म्हणाली. "आम्ही म्हणजे आम्ही." आणि तिनं दोन्ही हात पोटाखाली धरले, भरलेली कळशी धरावी तसे.

मी सरकले. थोडी नाही, मी पार भिंतीपर्यंत सरकले. ती एका हातानं खांब धरून हळूहळू बसली, मग डाव्या कुशीवर आडवी झाली, पोट गोधडीवर टेकवून. मग लाल ठिगळ तिच्या हाताला लागलं, त्याच्यावर तिनं बोट फिरवलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिचा श्वास मला हाताखाली कळत होता आणि मला वाटलं, हे असंच चालू दे, आज दुकान उघडलंच नाही तरी काही जात नाही.

ती मध्येच हलली. पुन्हा हलली. कोपर टेकून उठली आणि गोधडीचा कोपरा चाचपायला लागली.

"काय झालं?" मीही उठून बसले. "कळ आली?"

"कळ नाही गं. हा कोपरा किती घट्ट बांधलायस, दगड नुसता!" ती वैतागून म्हणाली. "बाळाला टोचेल ना."

माझ्या शिलाईला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही, आणि ठेवलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं. आज ऐकून घेतलं. कात्री आणायला उठले, आणि घरातल्या घरात, माझ्याच हातानं ठेवलेली कात्री मला किती तरी वेळ दिसेना.